अब्बांची कॅसेट आणि इक्वलायझरचे घोळ

मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याहून एका भगिनीचे पत्र आले. सोबत एक पेन ड्राइव्ह. पत्रातला मजकूर थोडा कमी करून देतो:

"अस्सलामु अलैकुम. आमचे अब्बा, मरहूम, दम्मामला वेल्डर होते. १९८७ साली त्यांनी अम्मीला खताऐवजी एक कॅसेट पाठवली होती. त्यांच्या आवाजाची घरात तेवढीच एक आठवण उरली आहे. माझ्या मुलाने ती लॅपटॉपवर घेतली, सॉफ्टवेअरमध्ये साफ केली आणि ईदच्या दिवशी नानीला ऐकवली. अम्मी दोन मिनिटे ऐकून उठून गेली. म्हणाली, हा तुझ्या अब्बांचा आवाज नाही, कोणीतरी पिंपात तोंड घालून बोलतंय. मुलगा तेव्हापासून खट्टू आहे, बारावीच्या अभ्यासातही लक्ष नाही. त्याचे काय चुकले ते कृपया सांगावे."

वाचकहो, अशी कॅसेट आपल्यापैकी पुष्कळ घरांत असेल. फिलिप्सने कॅसेट १९६३ साली आणली आणि पुढे वीस-पंचवीस वर्षांत ती आखातातल्या माणसांचे टपाल बनली. फोन महाग, पत्राला आठवडे लागायचे आणि घरातल्या बाईला वाचता येत नसेल तर पत्र शेजाऱ्याकडून वाचून घ्यावे लागायचे. नवऱ्याने लिहिलेले शेजाऱ्याच्या तोंडून ऐकायचे, हा प्रकार काही बरा नव्हता. त्यापेक्षा सुटीवर गावी निघालेल्या दोस्ताच्या हातात कॅसेट द्यायची. आज त्या कॅसेटी पत्र्याच्या पेटीत, जुन्या साड्यांच्या खाली पडून आहेत आणि घरातली तरुण मुले त्या कॉम्प्युटरवर घेऊ लागली आहेत. म्हणून या महिन्याचा सगळा लेख याच पत्रावर.

पेन ड्राइव्हमधली फाइल हेडफोन लावून ऐकली. अम्मीजान बरोबर बोलल्या होत्या. प्रत्येक वाक्याच्या अगोदर, शब्द उच्चारला जाण्याआधीच, त्याची एक पुसट "हूं" अशी सावली ऐकू येत होती. आवाजाला खालचे वजन नव्हते. "अस्सलामु अलैकुम" मधला "स्स" सापाच्या फुत्कारासारखा कानात घुसत होता. मोठ्याने बोललेल्या शब्दांवर चरचर होती. चौथ्या मिनिटाला एक "टक्" होता. आणि एवढे करूनही मागची भुणभुण गेलेली नव्हतीच.

कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी पकडली आणि टोकावड्याला उतरलो. पावसाचे दिवस. मुलाने लॅपटॉप उघडून काय काय केले ते प्रामाणिकपणे दाखवले. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी. ते फुकट मिळते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये त्याची सुरुवात केली. घरच्या कामाला त्याहून चांगले हत्यार मला माहीत नाही. हत्यारात खोट नव्हती.

मी पहिला प्रश्न विचारला, "बेटा, मूळ उतरवलेली फाइल कुठे आहे?"

तो म्हणाला, "मामू, तीच साफ केली ना मी. मग एमपी३ केली आणि पहिली उडवली. जागा नव्हती."

खरी अडचण ही होती. इक्वलायझरने जे शून्यावर आणले ते परत वर खेचून येत नाही, आणि एमपी३ करताना गेलेले तर मुळीच नाही. म्हणजे जुनी कॅसेट पुन्हा एकदा वाजवणे भाग होते. ती छत्तीस-सदतीस पावसाळे पाहिलेली. खिडकीतून आत पाहिले तर रिळाच्या कडेला पांढरट बुरशी. रीळ एकदा गुंतली की संपले. अम्मीजान दारात उभ्या राहून सगळे पाहत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघण्याची हिंमत होत नव्हती.

कॅसेटकडे येण्याआधी मुलाच्या प्रत्येक चुकीचे कारण सांगतो, कारण बहुतेक घरांत याच चुका होतात.

भुणभुणीपासून सुरुवात करू. त्याने यूट्यूबवर पाहून नॉच फिल्टर लावला. नॉच म्हणजे आवाजाच्या पट्टीत एका ठिकाणी खणलेला खड्डा. ऑडॅसिटीत हा फिल्टर उघडला की ६० हर्ट्झ आणि क्यू १ असे आकडे आधीच भरलेले असतात. ६० हे अमेरिकेतल्या विजेचे. आपली वीज ५० हर्ट्झची. शिवाय विजेची भुणभुण एकट्या ५० वर बसत नाही. १००, १५०, २०० अशा पटींवरही बसते आणि कानाला त्याच जास्त ऐकू येतात. क्यू १ ठेवल्याने खड्डा इतका रुंद झाला की १०० हर्ट्झपर्यंतच्या बोलण्याचेही वजन उतरले, आणि भुणभुणीच्या वरच्या पटी मात्र शाबूत राहिल्या. क्यू वाढवला की खड्डा अरुंद होतो. पण फार वाढवू नये. ५० हर्ट्झवर क्यू ३० ठेवला तर तो फिल्टर प्रत्येक धक्क्यानंतर सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा घुमत राहतो, पितळी परातीवर टिचकी मारल्यासारखा.

भुणभुण जाईना म्हणून पोरगा चिडला. त्याने फिल्टर कर्व्ह उघडून १५० हर्ट्झवर सरळ उभी भिंत काढली: खालचे सगळे साफ. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. म्हणजे अब्बांच्या गळ्याचा पायाच त्याने कापला. आणि ती "हूं" सावलीही याच भिंतीतून आली. ते कसे, ते नीट समजून घ्या, कारण इक्वलायझरचा हा दोष सर्वांत चमत्कारिक आहे.

देगचीवर डाव आपटला तर "टण्" होते आणि मग देगची घुमत राहते. घुमणे नेहमी नंतर. फिल्टर कर्व्ह मात्र प्रत्येक क्षणाचा आवाज ठरवताना त्याच्या मागचे आणि पुढचे, दोन्ही बाजूंचे नमुने सारखेच हिशेबात धरतो. कॉम्प्युटरजवळ पूर्ण फाइल असल्याने त्याला पुढचे दिसते. आठ हजार नमुन्यांची गाळणी असेल आणि सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर ती सुमारे ०.१८ सेकंद लांब झाली. निम्मी अलीकडे, निम्मी पलीकडे. कर्व्ह सौम्य असेल तर कडेचे हे हिशेब इतके बारीक असतात की ऐकू येत नाहीत. भिंत उभी काढली की गाळणी त्याच सुरात घुमू लागते, आणि तिचे निम्मे घुमणे शब्दाच्या आधी येते. नंतरचे घुमणे शब्दाखाली झाकले जाते. आधीचे शांततेत पडते, म्हणून उघडे दिसते. देगची डाव लागण्याआधीच घुमू लागली तर अंगावर काटा येईल की नाही? अम्मीजानना तसेच झाले असणार.

उपाय दोन. कर्व्ह उतरता काढा, कड्यासारखा नको. किंवा खालची घरघर काढायला हाय-पास फिल्टर वापरा. त्यात दर सप्तकाला ६, १२, २४ असे डेसिबलचे पर्याय येतात, १२ पुरते. तो फिल्टर घुमला तरी देगचीसारखा नंतरच घुमतो.

मग चरचर. खालचा भाग गेल्यावर आवाज पुसट वाटू लागला, तेव्हा त्याने ३,००० हर्ट्झच्या वरचे सगळे १५ डेसिबल वर उचलले. ६ डेसिबल म्हणजे दुप्पट. १५ म्हणजे साडेपाच पटींहून जास्त. लाटेचे शेंडे छताला आदळून सपाट झाले, तीच चरचर. ऑडॅसिटीच्या आत काम चालू असेपर्यंत छतावर गेलेले शेंडे सहसा हरवत नाहीत, पटकन आवाज खाली घेतला तर वाचतात. तशीच फाइल बाहेर काढली की मात्र कापले गेले. व्ह्यू मेनूत शेंडे कापले गेल्याचे लाल रेषांनी दाखवण्याची सोय आहे, ती नेहमी चालू ठेवा. आणि शक्यतो काही वर उचलण्याऐवजी जे नको ते खाली करा, मग एकूण आवाज वाढवून सर्वांत उंच शेंडा वजा १ डेसिबलवर आणा.

"स्स" चे फुत्कारणेही याच १५ डेसिबलमुळे. आपल्या सलामात स, दुआत श आणि ख, हे सगळे उच्चार वरच्या पट्टीत राहतात. टेपची सळसळही तिथेच. तिथे हात सैल सोडला की दोन्ही मिळून कान किटवतात. त्यातून फाइल कमी दर्जाच्या एमपी३मध्ये ठेवली असेल तर पाण्यातून बुडबुडे आल्यासारखी चिवचिव वर येते. ती एमपी३ची असते, इक्वलायझर फक्त ती उघडी पाडतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या जुन्या ध्वनिसंदेशांचेही तेच. फोनच्या जुन्या लाइनवरचा आवाज ३०० ते ३,४०० हर्ट्झमध्येच बसायचा. त्याच्या वर काही नसतेच, कितीही उचला, हाती येतो तो फक्त कचरा. नॉइज रिडक्शन जास्त दाबले तरी असेच बुडबुडे येतात, पण त्यावर वेगळे लिहावे लागेल.

राहिला "टक्". मधल्याच तुकड्यावर इक्वलायझर लावला होता. लावलेला आणि न लावलेला भाग जिथे भेटतात तिथे लाट तुटते आणि टक् वाजते. पूर्ण ट्रॅकवर लावा, नाहीतर बोलणारा श्वास घ्यायला थांबतो तिथे तुकडा तोडा.

हे सांगून झाल्यावर मुलगा म्हणाला, "पण मामू, मुळात आवाज खरंच दबलेला होता. म्हणून तर मी वरचं वाढवलं."

हे तो बरोबर बोलला. तेव्हा टेप मागवला. मोठा, दोन स्पीकरचा, अब्बांनीच दम्मामहून आणलेला. झाकण उघडून हेडवर बोट फिरवले तर तपकिरी थर. वर्षानुवर्षे टेपवरची भुकटी तिथे जमत आलेली. कापसाचा बोळा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड आणि रबरी चाक पुसले, बोळा पांढरा निघेपर्यंत. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. कोन केसभर चुकला तरी वरचा आवाज दबतो. घरातली दुसरी एक साधी कॅसेट लावून, तो स्क्रू बारीक पेचकसाने किंचित इकडेतिकडे फिरवत, "स" सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबलो. पंधरा डेसिबलचे दुखणे बोळ्याने आणि पाव आट्याने गेले. अर्थात कोणाच्या टेपवर डॉल्बी किंवा एनआरचे बटण असेल, क्रोमची कॅसेट असेल, तर आधी ती बटणे तपासा. साध्या कॅसेटची वाजवणी १२० मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने होते, क्रोमची ७० च्या. बटण चुकले तर आवाज दबतो किंवा कर्कश होतो, आणि आपण विनाकारण इक्वलायझरशी झुंजत बसतो.

कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडले होते की नाही ते पाहिले. ते शाबूत असतील तर चुकून रेकॉर्डचे बटण दाबले जाऊन सगळे पुसले जाऊ शकते. एक शाबूत होता, तोडला. दाबपट्टीचा स्पंज जागेवर होता. बुरशी बाहेरच्या कडेलाच दिसत होती, ती कोरड्या मऊ ब्रशने, तोंडाला रुमाल बांधून, अंगणात झटकली. मग पेन्सिलने रीळ हळूहळू फिरवून पाहिली. फिरली.

मी सोबत लाइन-इन असलेले छोटे यूएसबी साऊंड कार्ड नेले होते. मुलाने टेपच्या हेडफोनच्या भोकातून थेट लॅपटॉपच्या माईकमध्ये वायर घातली होती. माईकचे भोक फार नाजूक आवाजासाठी असते, तिथेच निम्मे शेंडे फाटतात. टेप लावला, लॅपटॉप लावला. भुणभुण तशीच. लॅपटॉपचा चार्जर काढायला सांगणार, इतक्यात लाईट गेली.

टोकावड्यात पावसाळ्यात लाईट जाणे ही बातमी नव्हे. पण या वेळी ती उपकार करून गेली. मुलगा धावत जाऊन दुकानातून सहा नवे सेल घेऊन आला. टेप सेलवर, लॅपटॉप बॅटरीवर, घरात कुठेच वीज नाही. रिकामी कॅसेट लावून पाहिली आणि भुणभुण साफ नाहीशी. नॉच नाही, भिंत नाही, काही नाही. मग बिस्मिल्लाह म्हणून अब्बांची कॅसेट लावली आणि ए बाजू एका दमात उतरवली. डब्ल्यूएव्ही फाइल, ४८,००० नमुने, २४ बिट. ध्वनिसंग्रहालयांची आयएएसए ही आंतरराष्ट्रीय संघटना जतनासाठी किमान एवढे ठेवा आणि त्या प्रतीवर काहीच प्रक्रिया करू नका असे सांगते. लगेच दोन पेन ड्राइव्हवर प्रती केल्या आणि त्यांना हात लावायचा नाही असे मुलाकडून वदवून घेतले.

पण अब्बांच्या बोलण्यामागे अजूनही एक मंद भुणभुण होती. घरात वीज नसताना? म्हणजे ती कॅसेटमध्येच होती. ते बोलायचे थांबतात तो तुकडा निवडून ॲनलाइझ मेनूतल्या प्लॉट स्पेक्ट्रममध्ये पाहिला, साइझ मोठा ठेवून. शेंडे होते ५८, ११५, १७३ आणि २८८ च्या आसपास. पन्नासच्या पटीत काहीच बसेना. मिनिटभर मीही चक्रावलो. मग आठवले की सौदीत वीज ६० हर्ट्झची असते! तिथे भिंतीच्या प्लगवर टेप लावून रेकॉर्ड केले, तर भुणभुण ६०, १२०, १८०, ३०० वरच हवी. ती खाली का उतरली? कारण टेप सावकाश चालत होता. पट्टा सैल पडलेला असणार.

अम्मीजान दारातून म्हणाल्या, "मी काय सांगत होते? त्यांचा आवाज इतका जाड नव्हता."

त्या दिवशीच्या मुलाच्या फाइलमध्येही हाच सावकाशपणा होता, आणि तो आम्हा दोघांच्याही ध्यानात आला नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज त्यांनी कानात जपला होता, मोजायचे यंत्र न घेता. हिशेब सोपा निघाला. पाचव्या पटीवर वाचले की चूक कमी होते: ३०० हवे होते, २८८ आले. ३०० भागिले २८८, म्हणजे सुमारे ४.१७ टक्के. चेंज स्पीडमध्ये तेवढा आकडा घातला. तीस मिनिटांची बाजू २८ मिनिटे ४८ सेकंदांवर आली. चूक तेव्हाच्या टेपची की आताच्या, याने फरक पडत नाही. भुणभुण आणि बोलणे एकाच वेळी नोंदले गेले होते, त्यामुळे एक सरळ झाले की दुसरेही होते. मुलाच्या नॉचचा ६० चा निशाणा तर या कॅसेटवर कधीच बसला नसता, कारण फाइलमध्ये ६० वर काही नव्हतेच.

एवढे झाल्यावर इक्वलायझरला फारसे काम उरले नाही. ५० हर्ट्झवर १२ डेसिबलचा हाय-पास, मोटरची धडधड जावी म्हणून. ३५० च्या आसपास ३ डेसिबल कमी, तिथे आवाज डब्यातल्यासारखा वाटत होता. ३,००० वर २ डेसिबल जास्त. सगळे उतार लांब आणि सौम्य. आधी आणि नंतर तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, नाहीतर जे मोठे तेच चांगले वाटते. मीही अनेकदा फसलो आहे. आणखी एक युक्ती मुलाला दाखवली. ट्रॅकची नक्कल करा, एकावर फिल्टर कर्व्ह लावा, दुसऱ्याला इन्व्हर्ट करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. जे उरते ते तुम्ही केलेला बदल. त्यात नुसती घरघर असेल तर ठीक. शब्द स्पष्ट ऐकू आले तर गाळणीने माणसाचाच आवाज खाल्ला आहे, हात आखडता घ्या.

मग मी नॉच उघडला. आता आकडे ठाऊक होते, ६०, १२०, १८०, क्यू माफक. मुलाने प्रिव्ह्यू दाबला. खरेच, भुणभुण बरीच बसली.

अम्मीजान आत येऊन खाटेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "ती घुर्र का काढली?"

मी म्हटले, "खाला, तो विजेचा आवाज आहे, बोलण्यात अडथळा येतो."

"त्यांच्या खोलीत कूलर होता," त्या म्हणाल्या. "सहा जणांत एक. खतात दर वेळी लिहायचे, हा रात्रभर घुरघुरतो, झोप लागत नाही म्हणून. राहू दे तो."

त्या भुणभुणीत थोडी वीज असेल, थोडा कूलर. वेगळे करून सांगता येणार नाही. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी नॉच बंद केला. फाइल नॉचशिवाय काढली, लाईट आली तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि अम्मीजाननी हेडफोन नको, टेपच्याच स्पीकरवर लाव असे सांगितले. लॅपटॉपमधून त्या जुन्या टेपला जोडायला भोक नव्हते. शेवटी मुलाने शेजारच्या घरून ब्लूटूथ स्पीकर आणला.

बी बाजू अजून उतरवलेली नाही. तिच्या सुरुवातीला मुलीसाठी काहीतरी आहे, असे अम्मीजान म्हणतात. पत्र लिहिणाऱ्या त्या भगिनी तेव्हा चार वर्षांच्या होत्या. त्यांनी मुलाला सांगितले आहे की बारावीची परीक्षा होईपर्यंत कॅसेटला हात लावायचा नाही. टेपचा पट्टा तोवर बदलून घ्यावा, कल्याणला जुन्या रेडिओवाल्यांकडे मिळतो.